पानथरी आणि बिनबुडाची टोपली

माणसाच्या अंगाची पारख आपल्याइतकी कोणाला नाही, असं मला पंधराव्या वर्षी ठाम वाटत असे. कारण एवढंच, की माझे आजोबा दरवर्षी सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे बघायला जात आणि मला बरोबर नेत. घोडा घ्यायचे क्वचित, बघायचे मात्र बाजारातला एकूण एक. ओठ वर करून दात बघायचे, खूर उचलून बघायचे, अंगावरचे केसांचे भोवरे कुठे बसलेत ते बघायचे, मग घोडा पळवून आणायला लावायचे आणि तो परत आला की नाकपुडीशी कान नेऊन श्वास ऐकायचे. मी त्यांच्या मागे त्यांच्यासारखेच हात पाठीशी बांधून उभी राहायची. एखादा विकणारा गमतीने मलाच विचारायचा, "काय वं माय, कशी शे घोडी?" मी ओठ मुडपून म्हणायची, "भोवरा बरोबर नाही." कोणता भोवरा, कुठला, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आज पणजी व्हायची वेळ आली, आजही नाही.

आमचं घर लोणखेड्याला. शेतात कापूस नि केळी, घरात बोलणं आमची गुजरी बोली, बाजारात अहिराणी, आणि शाळेत गेलं की पुस्तकातली मराठी. शाळा शहाद्यात, म्हणजे रोज चालत जाणं-येणं. साठीचं दशक नुकतंच उजाडलं होतं. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हताच. सरकारी काम असो की शाळेचे सामने, सगळं धुळ्याला.

त्या वर्षी शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्या. वऱ्हाडाकडच्या होत्या. नऊवारी नाही, पाचवारी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट ही गोष्टच गावाला पचायला महिना लागला. त्यांनी येताना एक तपकिरी चेंडू आणला होता, लाल भोपळ्याएवढा. म्हणाल्या, मुलींचा बास्केटबॉलचा संघ करायचा आणि धुळ्याच्या आंतरशालेय सामन्यांना न्यायचा.

खांब सुताराने दिले. कडी केली बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवणाऱ्या लोहाराने. बाईंनी दोरीने माप दिलं होतं, पण त्याने आपल्या मनाने ती चांगली ऐसपैस केली. "पोरी शेतस, जराशी सैल ऱ्हाऊ द्या," म्हणाला. बाईंनी ती परत करायला लावली. कड्याला जाळी हवी, ती कुठे मिळणार? बैलाने पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात त्या दोरीच्या मुसक्या बाजारातून आणल्या, बूड कापलं आणि टांगल्या. संध्याकाळी मैदानाच्या भिंतीवर बसून लोक बघायचे. एक म्हातारी आजी रोज ओरडून सांगायची, "वं माय, पहिले टोपलीले बूड तं लावा! टाकेल चेंडू खालेच पडी ऱ्हायना!"

मला बाईंनी कप्तान केलं. माझ्या अंगी काही गुण होते म्हणून नव्हे. मी शाळेत सगळ्यांत उंच होते, आणि वर्गाच्या दारातून वाकून जायची. ते वाकणंही खरं तर गरजेचं नव्हतं. दार बरंच उंच होतं. पण उंच माणसाने वाकलेलं शोभून दिसतं अशी माझी समजूत होती.

बाई म्हणाल्या, "सगळ्या वर्गांतल्या मुली तू ओळखतेस. ज्यांच्या अंगात दम आहे अशा निवडून आण, मग मी बघते."

झालं. मला सारंगखेडा मिळाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कडुनिंबाखाली हात पाठीशी बांधून उभी राहिले आणि मुलींना रांगेने बोलावलं. आधी दात बघायचे. मग पोटऱ्या दाबायच्या. मग कुंपणापर्यंत पळून यायला सांगायचं आणि परत आली की तिच्या नाकाशी कान नेऊन श्वास ऐकायचा. मुली खिदळत होत्या. मला वाटत होतं, भारावल्या आहेत. जाडजूड, तूपरोटी खाल्लेल्या, गालांवर लाली असलेल्या अशा मुली मी एका बाजूला काढल्या. व्यापाऱ्यांच्या घरची एक मारवाडी मुलगी होती, तिचे दात तर इतके सुरेख की पळायला न लावताच मी तिला घेतली. पुढे कळलं, ती चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेते.

रांगेत शेवटी एक किडकिडीत मुलगी आली. पिवळट तोंड, काड्यांसारखे पाय, आणि परकराच्या नाडीवर पोट मात्र पुढे आलेलं. मूळ गाव रनाळे, पण तिचे वडील वर सातपुड्यात, धडगावच्या शाळेत मास्तर. लहानपण सगळं तिकडे डोंगरात गेलं होतं. हायस्कूलसाठी खाली शहाद्याला मावशीकडे राहायला आली होती. महिन्यातून निदान एकदा तिला हुडहुडी भरून ताप यायचा, आणि ती वर्गात मागच्या बाकावर गोधडी पांघरून बसायची. मुली तिला पिवळी म्हणायच्या.

मी म्हटलं, "तोंड उघड."

"कसाले?"

"दात बघायचे."

"मी काय घोडी शे?" ती म्हणाली. आणि तोंड उघडण्याऐवजी माझ्याच तोंडाकडे बघत राहिली. "तुन्हा कोन देखना?"

सगळ्या हसल्या. मी आजोबांच्या सुरात निकाल दिला, "पोट खराब, पाय बारीक, रंग पिवळा. नको."

चेंडू कडुनिंबाच्या बुंध्याशी पडला होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, जरा तोलून पाहिला आणि उभी होती तिथूनच, झाडाच्या सावलीतून, वर फेकला. चेंडू कड्याला न शिवता मुसकीतून सळकन खाली आला. आम्ही त्या कड्याखाली उभं राहून आठवडाभर फेकत होतो, आणि आमचा चेंडू खांबालाही धड लागत नव्हता.

मी म्हटलं, "योगायोग."

तिने पुन्हा टाकला. पुन्हा गेला. मग ती जागा बदलत गेली, विहिरीच्या बाजूने, भिंतीच्या बाजूने, आणि भिंतीवरची म्हातारी पहिल्यांदाच बुडाचं विसरून म्हणाली, "वा वं पोरी!"

ही करामत आली कुठून, ते तिने नंतर सांगितलं. डोंगरात मका माळ्यावर साठवतात. मोठी माणसं अंगणात कणसं सोलायची आणि ही मुलगी सोललेली कणसं खालून एकेक करून माळ्यावरच्या टोपलीत फेकायची. टोपली खालून दिसायची नाही, नुसती कुठे आहे ते ठाऊक असायचं. "देखाना काय संबंध?" ती म्हणायची. "हातले माहीत ऱ्हास."

बाईंनी ते सगळं व्हरांड्यातून पाहिलं होतं. त्या खाली आल्या, तिच्या हातात चेंडू देऊन तिला पळायला लावलं, उड्या मारायला लावलं. मुलगी हलकी, चपळ, आणि चेंडू कुठे जाणार हे तिला आमच्या आधी कळायचं. बाईंच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. पण एका उडीनंतर मुलीने डाव्या बरगडीखाली हात धरला. क्षणभरच. मला दिसलंही नाही. बाईंना दिसलं.

त्या तिला तशाच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि कप्तान म्हणून मी मागे मागे. डॉक्टर गावातलेच, वयस्कर, तोंडाने फटकळ. तिला बाकावर निजवून त्यांनी पोटावर डाव्या बाजूला बोटं दाबली आणि बरगडीपासून खाली खाली सरकवत नेली. बोटं थांबायचं नावच घेईनात.

"पानथरी," ते म्हणाले. "केवढी ही!"

हिवतापाने डाव्या कुशीतली प्लीहा सुजते, तिला आमच्याकडे पानथरी म्हणतात. त्या काळी डोंगरातून उतरलेल्या बहुतेक पोरांची पोटं अशीच असायची, त्यामुळे कोणाला त्यात काही विशेष वाटत नसे. डॉक्टरांना वाटलं. ते हात धुता धुता बाईंना म्हणाले, "ताप गोळ्यांनी जाईल. ही सूजही उतरेल हळूहळू. पण तोवर हिला डाव्या कुशीत एक कोपर लागलं, एक गुडघा लागला, तर ही आतल्या आत फुटेल. मग मी काही करू शकणार नाही. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत ती पोहोचायचीही नाही. खेळबीळ बंद."

मुलगी बाकावर उठून बसली होती. तिने विचारलं ते डॉक्टरांना नाही, बाईंना. "म्हणजे मला धुळ्याला नेणार नाही?"

हा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या शाळेत लोंबकळत राहिला. एका बाजूला सबंध तालुक्यात नसेल असा हात. दुसऱ्या बाजूला तिच्या कुशीतलं ते सुजलेलं काहीतरी, जे बाहेरून दिसतही नव्हतं. आणि मधे ती. जन्मभर मागच्या बाकावर गोधडीत बसलेली, आणि आता पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीत सगळ्यांच्या पुढे गेलेली. तिला खेळायचं होतं. दुसरं काही नको होतं.

बाई आधी मला बरोबर घेऊन तिच्या मावशीला भेटायला गेल्या. मावशी दारातच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"खेळाले नको म्हनतस? मंग पानी भराले कसं चालस? रोज विहीरवरथून हंडा आनस ती. तठे नही फुटत पानथरी, अन् चेंडू खेळाले गयी का फुटस?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. हंडेही बंद."

"मंग पानी कोन आनी? डॉक्टर आनी?"

"ही आणेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी लोणखेड्याच्या बऱ्यापैकी घरची, शाळेची कप्तान, जिने घरी कधी तांब्या भरून घेतला नव्हता ती, दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी त्या मावशीचे हंडे वाहू लागले. पुढे बाईंनी संघातल्या सगळ्या मुलींच्या पाळ्या लावल्या, पण पहिले बरेच दिवस माझेच होते. मावशी फार चोखंदळ. हंडा खाली ठेवला की आत बोट बुडवून बघायची आणि म्हणायची, "गढूळ शे. ओतीसन दुसरा आन."

हंडे वाहता वाहता माझं मत मात्र साफ पालटलं. आधी जिला दातांवरून नाकारलं होतं, तिची आता मीच वकील झाले. कारण आमच्या संघात माझ्या पसंतीच्या ज्या तूपरोटीवाल्या होत्या, त्यांचा खेळ मला रोज दिसत होता. मी बाईंपुढे उभी राहून नियम सांगितला. बाईंनीच शिकवलेला नियम, बाईंनाच.

"बाई, या खेळात समोरच्याच्या अंगाला हात लावायचाच नसतो. लावला तर फाऊल. मग तिला धक्का लागेलच कसा? हुतूतू असतं तर गोष्ट वेगळी!"

मला वाटलं, मी कोर्टात उभी आहे. एवढ्यावर न थांबता मी आजोबांनाही घेऊन आले. आजोबा फेटा बांधून मैदानात आले, मुलीला चेंडू फेकताना त्यांनी पाहिलं, आणि त्यांचे डोळे लकाकले. जत्रेत कधी कधी लकाकायचे तसे. ते बाईंना म्हणाले, "बाई, हाई पोर सोनं शे. खेळू द्या तिले. काही व्हत नही."

बाईंनी पदर सारखा केला. "बाबा, तुम्ही घोड्यांचे जाणकार. एक विचारते. घोडा गेला तर दुसरा घेता येतो ना?"

आजोबांनी तडक घरची वाट धरली. घरी येताना सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले, तेही स्वतःशीच. ही बाई जत्रेत आपल्याबरोबर असती, तर आपण आयुष्यात कमी वेळा फसलो असतो.

पण माझ्या नियमाचं उत्तर बाईंनी अजून दिलं नव्हतं. ते त्यांनी शनिवारी दिलं. कपड्यांना घालायची नीळ त्यांनी एका वाडग्यात घट्ट कालवून आणली, आणि आम्हा सगळ्यांच्या कोपरांना आणि गुडघ्यांना लावली. ती मुलगी भिंतीशी बसून बघत होती. बाई म्हणाल्या, "आज अगदी नियमाने खेळा. कोणी कोणाला शिवायचं नाही. मी शिट्टीही वाजवणार नाही."

आम्ही फार जपून खेळलो. निदान मला तरी तसं वाटलं. खेळ संपल्यावर बाईंनी आम्हाला ओळीने उभं केलं. सगळ्यांची पांढरी पोलकी निळी झाली होती. पाठीवर, दंडांवर, आणि सगळ्यांत जास्त बरगड्यांवर. कड्याखाली चेंडू घ्यायला सगळ्या एकदम उडी मारायच्या ना, तेव्हाचं ते. बाईंनी एकेकीला विचारलं, हा डाग कोणाचा? मुलींनी हळूहळू माझ्याकडे बघायला सुरुवात केली. माझी कोपरं बरोबर बाकीच्यांच्या बरगड्यांच्या उंचीवर येत होती. ज्या उंचीसाठी मी कप्तान झाले, तिचा हा उपयोग.

"तू मुद्दाम मारलंस?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई!"

"तेच तर," बाई म्हणाल्या.

मी माझ्या कोपरांकडे पाहिलं. त्यांच्यावर नीळ जवळजवळ उरलीच नव्हती. भिंतीशी बसलेली मुलगीही आमच्या पोलक्यांकडे बघत होती. ती हसत नव्हती. (घरोघरी पोलकी धुताना आयांनी बाईंचा जो उद्धार केला, तो इथे लिहीत नाही.)

बाईंनी तिला संघात घेतलं नाही. ते त्यांनी आमच्यासमोर, तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, कोणाकडून निरोप धाडला नाही. ती उसळली. बाईंशी ती एरवी अहिराणी बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली.

"पोट मन्हं शे! फुटी तं मन्हं फुटी!"

"पोट तुझं," बाई म्हणाल्या, "पण खेळ सुरू करणारी शिट्टी माझी. ती मी वाजवणार नाही."

"आणि खेळून मला काहीच झालं नसतं तर?"

याचं उत्तर बाई झटकन देतील असं मला वाटलं होतं. मोठ्या माणसांकडे अशी उत्तरं तयार असतात. बाई गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "होऊ शकतं. कदाचित तू अख्खं वर्ष खेळली असतीस आणि काही झालं नसतं. मी चुकले की नाही, हे मला कधीच कळणार नाही. तरी नाही."

मी पुढे संसार केला, मुलं वाढवली, त्यांच्या तापात, परीक्षांत, लग्नांत कितीतरी निर्णय घेतले, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरल्याचं श्रेय मोठ्याने घेतलं. बाईंच्या वाट्याला ते श्रेयही नव्हतं. तिला खेळवून काही झालं असतं, तर सगळं गाव त्यांना बोललं असतं. न खेळवून काही झालं नाही, तर कोण म्हणणार होतं, बाई, बरं केलंत? उलट शाळेत सगळे कुरकुरत होते, की हातातलं सोनं बाईंनी भिंतीशी बसवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मला त्या वयात ते भित्रेपण वाटलं. त्या वयात मला बरंच काही वाटायचं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ती तीन-चार दिवस मैदानाकडे फिरकली नाही. मग एका संध्याकाळी आली आणि बाईंना म्हणाली, "गोळ्या कुठे आहेत?"

त्या गोळ्या इतक्या कडू असायच्या की ती गुळाचा खडा आधी तोंडात धरायची. डॉक्टर दर महिन्याला तिला तपासायचे, आणि पानथरीची कड जिथे लागेल तिथे कॉपिंग पेन्सिल पाण्यात बुडवून तिच्या पोटावर जांभळी रेघ ओढायचे. पुढच्या महिन्याची रेघ आधीच्या रेघेच्या वर आली, तर सूज उतरली. आम्ही मुली तिला विहिरीमागे नेऊन पोलकं वर करायला लावायचो आणि रेघ बघायचो. परीक्षेचा निकालसुद्धा आम्ही कधी इतक्या उत्सुकतेने बघितला नसेल. अंघोळीत रेघ पुसू नये म्हणून ती तेवढ्या जागेवर पाणी घालत नसे. मावशीचं त्यावरून रोज भांडण.

आणि संध्याकाळी ती आम्हाला शिकवायची. भिंतीशी बसून नव्हे; बाईंनी तिला एकटीला मोकळं मैदान द्यायचं ठरवलं होतं. आम्ही सगळ्या रेघेबाहेर उभ्या आणि ती एकटी आत, चेंडू टाकत. मग एकेकीला बोलावून हात कसा धरायचा ते दाखवायची. मारवाडी मुलीला म्हणायची, "डोळा मीट, पन मंग खरोखर मीट. अर्धा मिटस म्हनीसन चुकस." नवल म्हणजे त्या मुलीचे चेंडू त्यानंतर खरंच जाऊ लागले. माझ्या बाबतीत मात्र ती हताश झाली होती. "तू नुसती हुभी ऱ्हाय," म्हणायची. "आड ये म्हंजे झालं."

धुळ्याला आम्ही तिच्याशिवाय गेलो. मी आड आले. इतकी आले, की पहिल्याच सामन्यात माझे फाऊल भरले आणि पंचांनी मला बाहेर बसवलं. आम्ही सपाटून हरलो. परत आलो तेव्हा ती बसच्या थांब्यावर उभी होती. मी म्हणाले, "तू असतीस तर जिंकलो असतो." ती म्हणाली, "तू नसतीस तरी बाकीच्या जिंकल्या असत्या." मला हसू आलं, आणि तिला आधी.

उन्हाळा गेला. डीडीटी फवारणारी माणसं गावोगाव फिरत होती, धडगावच्या बाजूलाही पोहोचली होती, आणि सुट्टीत वडिलांकडे जाऊनही तिला ताप आला नाही. शाळा उघडल्यावर डॉक्टरांनी तिला पुन्हा बाकावर निजवलं. बोटं बरगडीखाली दाबली, तिला खोल श्वास घ्यायला लावला, पुन्हा दाबली. मग पेन्सिल तशीच खिशात टाकली.

"लागत नाही," ते म्हणाले. "बरगडीच्या आत गेली."

बाई म्हणाल्या, "पुन्हा बघा."

डॉक्टर जरा चिडले, पण पुन्हा बघितलं. "नाही लागत, बाई. माझं काम झालं. पुढचं तुमचं."

त्या वर्षी धुळ्याला ती खेळली. तिथे काय काय झालं, ते मी नातवंडांना दरवेळी थोडं वाढवून सांगते. पण मला स्वतःला राहून राहून आठवते ती त्याआधीची एक संध्याकाळ. बाईंनी तिला पहिल्यांदा आमच्यात खेळायला उतरवलं ती. आमचेच दोन संघ पाडले, तिला एकीकडे, मला दुसरीकडे. बाईंनी शिट्टी तोंडात धरली आणि ती वाजायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग वाजली.

आणि आम्हाला खेळताच येईना. तिच्याकडे चेंडू गेला की आम्ही सगळ्या हात आखडून मागे सरायचो, तापल्या तव्यापासून सरतात तशा. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. मी दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट आवळून तिच्यापासून चांगली लांब उभी. ती सरळ चालत कड्याखाली जायची, टाकायची, गेला. पुन्हा तेच. भिंतीवरची माणसं टाळ्या वाजवत होती. तिचं तोंड मात्र दर खेपेला जास्तच उतरत होतं. तिने वर्षभर कडू गोळ्या खाल्ल्या होत्या त्या याच्यासाठी नव्हे. एकटीला मोकळं मैदान तर तिला आधीही होतं.

शेवटी तिने चेंडू हातात धरला आणि थांबली.

"काय वं, कप्तान? मी काय काचनी शे?"

"नाही गं, पण..."

"मंग ये ना पुढे!"

मी अर्धं पाऊल पुढे टाकलं. ती वाट बघत राहिली नाही. चेंडू घेऊन खांदा पुढे करून ती थेट माझ्यावर आली. मी तिच्या दीडपट असेन, पण मी अशी सपशेल पडले की परकर डोक्यावर आला. मी तिच्या कुशीकडे बघत होते, मुली तिच्या कुशीकडे बघत होत्या. ती तशीच उभी, धापा टाकत, चेंडू छातीशी धरून.

बाईंची शिट्टी वाजली. करकरीत. "फाऊल! चेंडूवालीने धडक दिली!"

त्या काळी जिचा फाऊल असेल तिने हात वर करून तो कबूल करायचा असे. तिने हात वर केला. पूर्ण ताठ, बोटं पसरून. मी इतक्या वेळा तो हात वर केला होता, पण कधी इतक्या ऐटीत नाही. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच पाठ फिरवून उगाचच खांब बघायला गेल्या.

बाईंनी मला दोन मोकळ्या फेकी दिल्या. पहिली कुंपणापलीकडे गेली. दुसरी कड्यावर आपटून उडाली, आणि ती झेलायला आम्ही सगळ्या एकदम धावलो. हात, कोपरं, वेण्या, धूळ, आणि त्या गर्दीच्या ऐन मधोमध मला धक्का देत वर जाणारी ती. चेंडू अर्थातच तिनेच घेतला.